टीम लीडर झालात? सहकाऱ्यांशी बोलण्याची घडी अशी बसवा

मुंबईतल्या ऑफिसात, गोदामात किंवा शोरूममध्ये ज्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच पाच-पंधरा माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात देहबोली, आत्मविश्वास, भाषण असं बरंच काही शिकवतात. ते वाया जात नाही, पण रोजचं काम त्यावाचून अडत नाही. काम अडतं दोन ठिकाणी. सांगितलेलं समोरच्याने वेगळंच धरलेलं असतं, किंवा काम रखडलंय हे तुम्हाला शेवटच्या दिवशी कळतं. त्यातही दुसरं जास्त महागात पडतं. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच हिशोबाने मांडली आहे: वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर यावी, आणि आणणाऱ्याला ती आणताना भीती वाटू नये.

पहिले दोन आठवडे

सुरुवात हाक मारण्यापासून होते. कालपर्यंत ज्याच्यासोबत टपरीवर कटिंग घेत होता, त्याला आज अचानक ‘तुम्ही’ म्हणू लागलात तर तो त्यात टोमणा शोधेल. एकट्यात आहे तसंच अरे-तुरे चालू द्या. मीटिंगमध्ये मात्र सगळ्यांना एकच रीत ठेवा: नाव आणि ‘तुम्ही’. दोघांना ‘अरे’ आणि बाकीच्यांना ‘तुम्ही’ असं चार लोकांत दिसलं की साहेबांची माणसं कोण, याचा हिशोब त्याच दिवशी मांडला जातो आणि तो पुसायला वर्ष जातं.

वयाने मोठ्या सहकाऱ्याला आधीपासून काका किंवा ताई म्हणत असाल तर तेच म्हणा. इथे नवे लीडर वेगळ्याच ठिकाणी घसरतात. काकांना काम कसं सांगायचं, या संकोचाने ते काम स्वतःच रात्री बसून करतात. महिन्याभरात लीडर थकतो आणि काकांना वाटतं, आपल्याला बाजूला काढलं. मान हाकेत ठेवा. काम आणि मुदत इतरांना सांगता तशीच सांगा.

मग प्रत्येकाशी एकेकट्याने अर्धा तास बोला. दहा माणसं असतील तर रोज दोन, म्हणजे पाच दिवसांत संपतं. सगळ्यांना दिसेल अशा काचेच्या केबिनमध्ये नको, लोक बाहेरून चेहरे वाचत बसतात. रिकामी मीटिंग रूम किंवा जेवणाच्या वेळेनंतरचं कँटीन चालेल. विचारायचं एवढंच: सध्या हातात कोणती कामं आहेत? कुठे अडतं, कोणाची वाट बघावी लागते? आधीच्या लीडरची कोणती पद्धत चालू ठेवू? काम तोंडी सांगितलेलं बरं पडतं की लिहून? आणि मुंबईत न विसरता विचारायचा प्रश्न: कुठून येता, कोणती गाडी पकडता?

शेवटचा प्रश्न गप्पांचा नाही. बदलापूर किंवा नालासोपाऱ्याला राहणाऱ्याची ठरलेली फास्ट लोकल चुकली की घरी पोचायला नऊ-साडेनऊ होतात. तुम्ही संध्याकाळी सहाला ‘पाचच मिनिटं’ म्हणून बसवता, तेव्हा तो मान डोलावत असतो आणि मनात घड्याळ बघत असतो. त्या पाच मिनिटांत ठरलेलं काहीही पक्कं धरू नका.

या बोलण्यात कोणालाही आश्वासन देऊ नका, पगारवाढीचं तर नाहीच. पण ऐकलेल्यांपैकी एखादी छोटी अडचण आठवड्याच्या आत सोडवा: बंद पडलेला प्रिंटर, न मिळालेला पासवर्ड, गोदामातला गेलेला पंखा. छोटं सांगून काम झालं हे दिसलं, की मोठं सांगायला माणूस पुढच्या वेळी आपणहून येतो.

काम सांगायचं कसं

‘भिवंडीची बिलं जरा बघून घ्या, लवकर द्या.’ हे वाक्य कुठल्याही अकाउंट्स विभागात रोज ऐकू येतं. यात ‘बघून घ्या’चे निदान तीन अर्थ निघतात: नजर टाका, जुळवा, किंवा चुका दुरुस्त करा. ‘लवकर’चा अर्थ सांगणाऱ्याच्या मनात उद्या असतो, ऐकणाऱ्याच्या मनात या आठवड्यात. आणि ‘जरा’ म्हटल्यामुळे काम किरकोळ आहे असा समज होतो तो वेगळाच.

काम सांगताना पाच गोष्टी आल्या पाहिजेत. शेवटी हातात काय हवंय. ते कशासाठी. कोणत्या तारखेला, किती वाजता. कुठपर्यंतचा निर्णय काम करणाऱ्याने स्वतः घ्यायचा. आणि अडलं तर कधी सांगायचं. तेच काम असं सांगता येईल:

‘ताई, भिवंडी गोदामाची गेल्या महिन्याची विक्रीची बिलं टॅलीतल्या नोंदींशी जुळवायची आहेत. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचाय, म्हणून ७ तारखेला दुपारी चारपर्यंत मला न जुळणाऱ्या बिलांची यादी द्या. जुळलेली नकोत. नोंदीतली साधी चूक असेल तर गोदामाला फोन करून तुम्हीच दुरुस्त करून घ्या. रकमेत पाच हजारांच्या वर फरक आला तर आधी मला दाखवा. आणि ५ तारखेच्या संध्याकाळी अर्धी बिलं झालेली नसतील तर तेव्हाच सांगा, मी जोडीला माणूस देतो.’

बोलायला मिनिटभरही लागत नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं आणि सगळा फरक त्यानेच पडतो. अर्ध्या वाटेवरची तारीख ठरली की उशीर झाल्याचं सांगणं ही तक्रार किंवा कबुली राहत नाही, ठरलेलं काम होतं. मुदतीच्या दिवशी ‘झालं नाही’ कळून उपयोग शून्य. दोन दिवस आधी कळलं तर माणूस जोडता येतो.

सांगून झालं की ‘समजलं ना?’ विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’च येतं, कारण ‘नाही’ म्हणणारा चारचौघांत मंद ठरतो. लोकलमध्ये गार्ड (२०२२ पासून कागदोपत्री ट्रेन मॅनेजर) निघण्यासाठी दोनदा घंटी देतो, मोटरमन तशीच दोनदा वाजवून उत्तर देतो आणि मग गाडी हलते. नुसतं ऐकू आलं असेल असं कोणी गृहीत धरत नाही. तुम्हीही म्हणा, ‘माझं काही सांगायचं राहिलं का बघू, तुम्ही काय धरलंय ते एकदा सांगा.’ किंवा, ‘सुरुवात कुठून कराल?’ चूक आपल्या सांगण्यात असू शकते, असा सूर ठेवला की परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. अनुभवी माणसाला तेही खटकत असेल तर त्यांनाच दोन ओळींचा मेसेज टाकायला सांगा. काम तेच होतं, मान राहतो.

काही उत्तरं होकारासारखी वाटतात पण नसतात. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’, ‘टेन्शन घेऊ नका’. यातलं काही ऐकलं तर हसतमुखाने पण लगेच विचारा, ‘आज बघणार की उद्या?’ दिवस सांगता आला नाही, तर हातात आधीच जास्त काम आहे असं समजा आणि त्यातलं कोणतं मागे टाकायचं ते दोघांनी मिळून ठरवा.

आणखी एक नेहमीचा घोळ: वरचे साहेब तुम्हाला ओलांडून थेट तुमच्या माणसाला काम देतात. साहेबांना नाही म्हणायची त्याची टाप नसते, त्यामुळे तुमचं काम गुपचूप मागे पडतं. टीमला आधीच सांगून ठेवा: ‘साहेबांनी दिलेलं करा, पण मला एक ओळ टाका. त्यामुळे कोणतं काम लांबेल ते मी साहेबांशी बोलतो.’ आणि खरंच बोला. वर बोलताना रडगाणं नको. अडचण काय, दोन मार्ग कोणते, तुमच्या मते त्यातला कोणता बरा, उत्तर कधीपर्यंत हवं. एवढ्यावर थांबा.

सकाळची उभ्याने बैठक

दहा-बारा मिनिटं, उभ्याने, रोज एकाच जागी. वेळ ऑफिस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ठेवा. साडेनऊचं ऑफिस आणि साडेनऊचीच बैठक असेल तर दादरला गाडी थांबली की अर्धी टीम बाहेर, आणि पोचलेल्यांसमोर उशिरा आलेल्यांची हजेरी होते. उशिरा आलेल्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगू नका, त्याने नंतर शेजाऱ्याला विचारावं.

प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: आज काय पूर्ण होणार, कुठे अडलंय. काल काय केलं हे विचारलंत की बैठक म्हणजे हिशोब देणं होतं, लोक कामाची यादी फुगवून आणतात आणि अडचण तेवढी झाकून ठेवतात. लीडरने शेवटी बोलावं. तुम्ही आधी मत दिलंत की पुढचे सगळे त्याला ‘बरोबर’ म्हणणार. एखाद्या मुद्द्यावर दोन मिनिटांच्या वर चर्चा गेली तर संबंधितांनी नंतर वेगळं बसावं. माणसं बाराच्या पुढे गेली तर दोन गट करा.

बैठक बिघडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. सलग चार दिवस कोणाचंच काही अडलेलं नसतं. मुंबईत, जिथे टेम्पो घोडबंदरला अडकतो आणि पार्टीचा चेक ‘सोमवारी नक्की’ असतो, तिथे हे शक्य नाही. लोक सांगत नाहीयेत एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी प्रश्न बदला: ‘आजच्या कामांत सगळ्यात जास्त उशीर कशाला होईल असं वाटतं?’ आता अडचण कबूल करायची नसते, अंदाज द्यायचा असतो, त्यामुळे तोंड उघडतं.

कोणी वाईट बातमी सांगितली की तुमच्या पहिल्या वाक्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ते वाक्य असं असू द्या: ‘बरं झालं आत्ता सांगितलंत.’ मग, ‘आता काय करता येईल?’ ‘असं झालंच कसं’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुपारी, एकट्यात. सगळ्यांसमोर तो विचारलात तर पुढची बातमी तुम्हाला ग्राहकाच्या फोनवरून कळेल.

चूक झाली, त्याबद्दल बोलताना

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोला, आठवडा जाऊ देऊ नका. रागात असाल तर तासभर थांबा. बोलणं एकट्यात. चहाच्या टपरीवर नको, तिथे निम्मं ऑफिस असतं. फोनवर आणि लिहून तर नकोच, सूर कळत नाही.

‘तुमचं हल्ली लक्षच नसतं.’ याला माणूस काय उत्तर देणार? तो स्वतःचा बचाव करेल किंवा गप्प बसेल. त्याऐवजी जे घडलं तेवढंच मांडा: ‘मंगळवारी पार्टीला गेलेल्या कोटेशनमध्ये जुना दर लागलाय. त्यांनी ऑर्डर दिली, आता त्याच दरात माल द्यावा लागणार. काय झालं होतं?’ आणि इथे गप्प बसा. ही शांतता अवघड वाटते आणि बहुतेक लीडर ती स्वतःच बोलून मोडतात. मोडू नका.

समोरून साधारण असं येतं: ‘मी शेअर्ड फोल्डरमधलीच दरांची शीट घेतली, पण तिथे ‘नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशा तीन आहेत.’ म्हणजे दोष निम्मा माणसाचा, निम्मा फोल्डरचा. कारण न विचारता झापलं असतं तर तीन शीट तशाच राहिल्या असत्या आणि पुढच्या महिन्यात दुसरा कोणी त्यात पडला असता.

यानंतर ‘पुढच्या वेळी काय वेगळं कराल?’ हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. तुम्ही काय कराल तेही सांगा (इथे जुन्या शीट हटवणं). दोन्ही गोष्टी वहीत लिहा आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकून त्या दिवशी खरंच बघा. जुनी प्रकरणं उकरू नका. ‘तुम्ही काम छान करता, पण...’ अशी सुरुवातही नको. ‘पण’ची सवय झालेला माणूस नंतर खऱ्या कौतुकातही ‘पण’ शोधतो. कौतुक वेगळ्या दिवशी, आणि नेमकं: ‘काल तुम्ही गोदामातून परस्पर फोन करून गाडी थांबवलीत, त्यामुळे चुकीचा माल गेला नाही.’ नुसतं ‘गुड जॉब’ कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तीच चूक बोलूनही तिसऱ्यांदा झाली तर मग लेखी द्या आणि एचआरला कळवा. तिथे मऊपणा दाखवलात तर नीट काम करणाऱ्यांवर अन्याय होतो. आणि सगळ्यांसमोर तुमचा आवाज चढला असेल, तर माफीही सगळ्यांसमोर मागा, एका वाक्यात.

काही गोष्टी मात्र लीडरने आपल्या पातळीवर मिटवायच्याच नसतात. लैंगिक छळाची तक्रार आली तर ‘मी त्याला समज देतो, तू मनावर घेऊ नकोस’ हे बोलणं सद्भावनेने केलं तरी चूक आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. समितीत कोण आहे ते आजच माहीत करून घ्या. तक्रार करणारीचं ऐका, समितीचा मार्ग सांगा, लिहायला मदत हवी असेल तर ती मिळेल असं बघा, आणि विषय तुमच्या तोंडून इतर कुठेही जाऊ देऊ नका.

व्हॉट्सअॅप आणि भाषा

कामाचा ग्रुप एक, बाकीचा वेगळा. सुप्रभात, वाढदिवस आणि पुरणपोळीचे फोटो दुसऱ्या ग्रुपवर आनंदाने येऊ द्या. कामाच्या ग्रुपवर ‘कोणीतरी हे बघा’ लिहिलं की कोणीच बघत नाही, म्हणून नाव घालूनच लिहा. अंगठ्याचा अर्थ ठरवून घ्या. आमच्या मते अंगठा म्हणजे ‘वाचलं’ एवढंच असावं. काम घेणाऱ्याने ‘घेतलं, उद्या १२ पर्यंत’ असं लिहावं. निळ्या टिकेला पुरावा समजू नका. मिनिटाच्या वरचे व्हॉइस मेसेज नकोत, गर्दीच्या डब्यात ते ऐकू येत नाहीत आणि नंतर शोधता येत नाहीत. रात्री आठनंतर खरंच तातडीचं असेल तर फोन करा, नसेल तर सकाळी. दर किंवा तारखेचा निर्णय चॅटमध्ये झाला तर त्याच दिवशी मेलवर किंवा शीटमध्ये चढवा. ग्रुपवर कोणालाही झापायचं नाही, कधीच नाही. स्क्रीनशॉट निघायला वेळ लागत नाही.

मुंबईच्या टीममध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एकत्र नांदतात. बैठकीत एखाद्याला जरी मराठी येत नसेल तर कामाचा मुद्दा हिंदीत पुन्हा सांगा. उलटही होतं. इंग्रजी प्रेझेंटेशन चालू असताना जो गप्प बसलाय, त्याला गोदामाची सगळी नाडी ठाऊक असते. त्याला मराठीत विचारा आणि त्याचं म्हणणं बाकीच्यांना तुम्ही थोडक्यात सांगा.

पावसाचा दिवस

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या ठप्प झाल्या आणि फोन लागेनासे झाले. इतकं दरवर्षी होत नाही, पण गोंधळ दरवर्षी होतो. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: निर्णय उशिरा येतो. सकाळी आठला ‘आज घरून काम करा’ असा मेसेज टाकलात, तोवर कर्जत, कसारा, विरारची माणसं गाडीत असतात.

जूनच्या आधीच ठरवा की निर्णय कोण घेणार, आणि तो पहाटे साडेपाचपर्यंत कळवा. हवामान खात्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे, साडेचार मीटरच्या आसपासची किंवा त्याहून मोठी भरती किती वाजता आहे, हे आदल्या रात्री बघून ठेवा. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागातलं पाणी ओसरत नाही. मेसेज छोटा आणि पक्का हवा: कोणी यायचं, कोणी नाही, पुढचा मेसेज किती वाजता, रजा धरली जाणार की नाही. शेवटच्या मुद्द्याचं उत्तर एचआरकडून आधीच घेऊन ठेवा, कारण पगार कापला जाईल या धास्तीने लोक गुडघाभर पाण्यातून निघतात. पाऊस दुपारी वाढला तर सगळ्यात लांब राहणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडा. प्रत्येकाने दोघांना फोन करायचा अशी साखळी लावा, आणि घरी पोचल्याचा मेसेज सगळ्यांचा येईपर्यंत एकाने जागं राहायचं. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ हा क्रमांक ग्रुपच्या माहितीत टाकून ठेवा.

गणपतीची रजा

कोकणातली तीन माणसं टीममध्ये असतील तर तिघांनाही एकाच आठवड्यात गावी जायचं असतं, आणि त्यात वादाला जागा नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे रजेची बोलणी त्याच्याही आधी, म्हणजे चतुर्थीच्या निदान ७५ दिवस आधी करा. तिकीट काढून झाल्यावर रजा नाकारलीत तर माणूस जाणारच, फक्त तापाचं कारण सांगून. तिघांना एकत्र बसवा आणि कोण आधी परतू शकतो हे त्यांनाच ठरवू द्या. ज्यांचा गणपती मुंबईत दीड दिवसाचा आहे ते मागचं काम उचलतात. त्याची परतफेड दिवाळीत किंवा नाताळात, त्यांची रजा आधी मंजूर करून करा.

जाणाऱ्याने काम सोपवायची चिठ्ठी निघायच्या दिवशी लिहायची नाही, दोन दिवस आधी लिहायची. अर्धवट कामं कोणती, प्रत्येकाची पुढची पायरी काय, फाइल कुठे आहे, कोणत्या पार्टीला काय कबूल केलंय, आणि कोणत्या गोष्टीसाठीच फोन करायचा. एका पानावर बसतं. मग उरलेल्या दोन दिवसांत काम घेणाऱ्याने ते त्याच्यासमोरच करून बघायचं. फाइलचा पासवर्ड चुकीचा आहे हे तेव्हा कळलं तर दोन मिनिटांचं काम असतं. गावी नेटवर्क शोधत माडीवर चढलेल्या माणसाकडून तो मिळवायला दुपार जाते.